एका खेळाडूचा संघ : टीना माझे आणि २००८ चा निर्णय

२००८ चा मोसम संपला आणि स्लोव्हेनियाच्या टीना माझेनं राष्ट्रीय स्की संघाबरोबरचा सराव सोडला. वय पंचवीस. विश्वचषकाच्या, म्हणजे मोसमभर ठिकठिकाणी चालणाऱ्या मालिकेच्या, काही शर्यती तिनं जिंकल्या होत्या, पण मोसमाच्या एकूण विजेतेपदाची चर्चा निघाली की तिचं नाव कुणी घेत नसे. तिनं स्वतःचा संघ उभा केला. त्यात खेळाडू एकच होती, बाकीची मोजकी माणसं तिच्यासाठी राबणारी: प्रशिक्षक, शारीरिक तयारी पाहणारा, स्कीची निगा राखणारा. पुढे २०१२-१३ च्या मोसमात याच संघाच्या बळावर तिनं विश्वचषकात २४१४ गुण मिळवले. पुरुषांत काय किंवा स्त्रियांत काय, अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे डोंगरउतारावरून घसरत येण्याच्या शर्यतींत, एका मोसमात इतके गुण त्याआधी कुणी मिळवले नव्हते आणि त्यानंतरही कुणाला जमलेले नाहीत.

ओघात तिची बहुतेक कारकीर्द येईलच, पण मला शोध घ्यायचा आहे तो त्या निर्णयाचा. तो फळला कशामुळे, आणि त्याची किंमत कुठे चुकवावी लागली? माझ्या मते २४१४ या आकड्यात टीनाच्या अंगच्या गुणांइतकाच वाटा तिच्याभोवती रचलेल्या व्यवस्थेचा आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना नेमकी हीच बाजू राहून जाते.

मागची जमीन

टीनाचा जन्म २ मे १९८३ चा, स्लोव्हेन्य ग्रादेत्स गावातला. वाढली ती ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या कोरोश्का भागात, चर्ना ना कोरोश्केम नावाच्या लहानशा गावात. शिसं आणि जस्ताच्या खाणींचं हे खोरं. इथली पोरं चालायला लागली की थोड्याच दिवसांत बर्फावर घसरायला लागतात. मित्या कुंत्ससारखा विश्वचषकाचा स्कीपटू याच गावचा.

स्लोव्हेनिया केवढा देश? लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरातली माणसंही त्याहून जास्त. जून १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून तो वेगळा झाला. पण स्कीइंगचं वेड त्याही आधीचं. युगोस्लाव्हियाच्या अल्पाइन संघाचा कणाच स्लोव्हेनियन होता. बोयान क्रिझायनं १९८० मध्ये वेंगेनची स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायची शर्यत, जिंकली. युरे फ्रांकोनं १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं, ते युगोस्लाव्हियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं पदक. बेगुन्ये गावातल्या एलान कारखान्यात बनलेल्या स्कींवर स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कनं विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकल्या. थोडक्यात, देशाकडे खेळाची जाण होती, कारागिरी होती, प्रेक्षकही होते. कमी होता तो पैसा, आणि मोठे संघ बाळगण्याची ऐपत.

इथे माटेया स्वेतची आठवण काढायलाच हवी. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हेल इथे तिनं स्लॅलमचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्की संघटनेशी वाद झाला आणि तिनं स्पर्धात्मक स्कीइंग कायमचं सोडलं. तेव्हा ती जेमतेम बाविशीत होती. संघटनेशी पटलं नाही तर खेळाडूपुढे दोनच वाटा, निमूट राहायचं नाहीतर घरी बसायचं, असा धडा स्लोव्हेनियातल्या खेळाडूंनी त्यातून घेतला असेल तर नवल नाही. टीनानं जे केलं त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. ती घरीही बसली नाही आणि संघातही राहिली नाही.

२००८ पर्यंत

विश्वचषकातली तिची पहिली शर्यत जानेवारी १९९९ मध्ये मायदेशातच झाली, मारिबोरजवळच्या पोहोर्ये डोंगरावर. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पहिला विजय ऑक्टोबर २००२ मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या जायंट स्लॅलममध्ये मिळाला, आणि तोही विलक्षण रीतीनं. टीना, ऑस्ट्रियाची निकोल होस्प आणि नॉर्वेची आंद्रिने फ्लेमेन या तिघींची एकूण वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी निघाली आणि तिघींनाही पहिला क्रमांक दिला गेला. २००५ मध्ये सोल्डनला ती पुन्हा जिंकली. जायंट स्लॅलममध्ये तिचं कसब वादातीत होतं.

पण त्यानंतरची वर्षं रखडत गेली. २००८ च्या फेब्रुवारीत सेंट मॉरिट्झला तिनं डाउनहिल जिंकली. जायंट स्लॅलमची म्हणून ओळखली जाणारी मुलगी सर्वांत वेगवान प्रकारात जिंकते, ही आनंदाची बातमी खरीच, पण त्यातूनच अडचणही उघडी पडली. हिला कुठल्या गटात घालायचं?

अल्पाइन स्कीइंगच्या राष्ट्रीय संघांची रचना माहीत असल्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही. बहुतेक देश दोन गट करतात. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हा वळणांचा, म्हणजे तांत्रिक गट. डाउनहिल आणि सुपर-जी हा वेगाचा गट. दोन्हींचे प्रशिक्षक वेगळे, सरावाचे उतार वेगळे, मुक्काम वेगळे. स्लॅलमची स्त्रियांची स्की १५५ सेंटिमीटरच्या आसपास असते, डाउनहिलची किमान २१० सेंटिमीटर. एकीत पाय सतत आडवे-तिडवे झटकायचे असतात, दुसरीत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे शरीर गोळा करून शांत धरायचं असतं. ज्याला सगळे प्रकार खेळायचे आहेत तो या दोन गटांच्या मध्ये लोंबकळतो. ऑस्ट्रियासारखा श्रीमंत संघ त्याच्यासाठी वेगळा माणूस नेमू शकतो. स्लोव्हेनियाच्या संघटनेला ते परवडणारं नव्हतं. त्यात कुणाचा दुष्टावा शोधायचं कारण नाही. दहा खेळाडूंचा विचार करणारी व्यवस्था एकीच्या वेळापत्रकावर चालू शकत नाही, एवढंच.

राष्ट्रीय संघात शारीरिक तयारीचं काम पाहणारे इटालियन प्रशिक्षक आंद्रेया मास्सी टीनाबरोबर बाहेर पडले. नव्या संघाचे सूत्रधार तेच झाले, आणि पुढे आयुष्यातलेही जोडीदार. उतारावरच्या तंत्रासाठी लिव्हिओ मागोनी आले, तेही इटालियन. स्की आणि बूट पुरवायला कंपन्या होत्या. स्टॉक्ली ही स्कीची स्विस कंपनी आकारानं फार मोठी नाही, पण टीना तिच्यासाठी सर्वांत महत्त्वाची खेळाडू ठरली.

अशी वाट चोखाळणारी ती पहिली नव्हती. अमेरिकेचा बोडी मिलर २००७ मध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडला, स्वतःच्या छोट्या संघासह हिंडला आणि २००८ मध्ये एकूण विश्वचषक जिंकला. क्रोएशियाची यानित्सा कोस्टेलिच तर वडिलांच्या हाताखालीच घडली होती. पण मिलर वर्ष-दोन वर्षांत राष्ट्रीय संघात परतला, आणि कोस्टेलिचांच्या मागे घर उभं होतं. टीनानं परक्या माणसांना बरोबर घेऊन असा संघ शेवटपर्यंत, सात मोसम, चालवला.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ती देश सोडून गेली नव्हती. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींत नाव राष्ट्रीय संघटनेमार्फतच जातं. त्यामुळे स्लोव्हेनियाच्या संघटनेशी संबंध ठेवणं भाग होतं, आणि प्रत्येक पदक स्लोव्हेनियाच्याच खात्यात जमा झालं. वेगळा होता तो रोजचा दिवस: कुठे सराव करायचा, आज कोणता प्रकार, केव्हा विश्रांती.

फळ कसं आलं

लगेच आलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये व्हाल दिझेरच्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलमचं रौप्य मिळालं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यं आली, सुपर-जीमध्ये आणि जायंट स्लॅलममध्ये. यातल्या जायंट स्लॅलमचं सुवर्ण जर्मनीच्या व्हिक्टोरिया रेबेन्सबुर्गनं अवघ्या ०.०४ सेकंदानं नेलं. २०११ मध्ये गार्मिशला अखेर जायंट स्लॅलमचं जागतिक विजेतेपद मिळालं. विश्वचषकाच्या एकूण क्रमवारीत ती २०११ मध्ये तिसरी आणि २०१२ मध्ये दुसरी आली. दुसरी म्हटलं तरी अंतर प्रचंड होतं: अमेरिकेच्या लिंडसे वॉनचे १९८० गुण, टीनाचे १४०२.

म्हणजे पहिली चार वर्षं हा संघ हळूहळू शिकत होता. जे लोक २०१३ चा मोसम चमत्कार समजतात त्यांनी हा जिना पाहिलेला नसतो.

मग २०१२ चा शरद आला आणि नियम बदलला. स्कीच्या कडेला जी वक्रता असते तिच्यामुळे वळण आपोआप बसतं. महासंघानं जायंट स्लॅलमसाठी स्त्रियांच्या स्कीची किमान त्रिज्या २३ मीटरवरून ३० मीटरवर नेली. स्की सरळ झाल्या, वळवायला अवघड झाल्या. पुरुषांत अमेरिकेच्या टेड लिगेटीनं या स्कींवर सोल्डनची पहिलीच शर्यत २.७५ सेकंदांनी जिंकून सगळ्यांना हादरवलं. स्त्रियांत टीनानं सोल्डन, अ‍ॅस्पेन, सेंट मॉरिट्झ, कुर्शवेल आणि आरे अशा मोसमातल्या पहिल्या पाचही जायंट स्लॅलम घेतल्या. मला इथे छोट्या संघाचा फायदा स्पष्ट दिसतो. नवी स्की अंगवळणी पाडायला तासन् तास एकाच खेळाडूवर माणसं खर्च व्हावी लागतात. स्की झिजवून, मेण बदलून, कडांचे कोन बदलून पुन्हा पुन्हा उतरावं लागतं. रांगेत दहा जणी उभ्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला किती वेळ येणार?

गुणांचा हिशेब असा असतो: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं उतरत तिसाव्याला १. टीनाचे २४१४ म्हणजे चोवीस शर्यती जिंकल्याइतके गुण. प्रत्यक्षात ती ११ शर्यती जिंकली आणि २४ वेळा पहिल्या तिघींत आली. १३ जानेवारी २०१३ ला सांक्ट आंतोनला सुपर-जी जिंकून तिनं पाचही प्रकारांत (वरचे चार, आणि वेगाची व स्लॅलमची एकेक फेरी मिळून होणारी कॉम्बाइंड) विजय मिळवणाऱ्या मोजक्या स्त्रियांत जागा मिळवली, आणि त्या एकाच मोसमात पाचही प्रकार जिंकून दाखवले. गंमत म्हणजे सुपर-जीमधला विश्वचषकाचा तो तिचा एकमेव विजय. तरीही त्या मोसमाचा सुपर-जीचा क्रिस्टल ग्लोब, म्हणजे त्या प्रकारात मोसमभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा चषक, तिनं नेला, कारण बाकीच्या शर्यतींतही ती सतत वर राहिली. हे सातत्यच या मोसमाचं खरं वैशिष्ट्य. ऑस्ट्रियाच्या हेरमान मायरनं १९९९-२००० मध्ये बरोबर २००० गुण केले होते आणि तो आकडा तेरा वर्षं अढळ होता. टीना त्याच्या ४१४ गुण पुढे गेली. स्त्रियांत दुसऱ्या आलेल्या जर्मनीच्या मारिया हॉफल-रिशचे गुण होते ११०१. म्हणजे दोघींमधलं अंतरच दुसरीच्या एकूण गुणांपेक्षा जास्त.

याच हिवाळ्यात श्लाडमिंगच्या जागतिक स्पर्धेत तिनं सुपर-जीचं सुवर्ण आणि आणखी दोन रौप्यं मिळवली. त्याच सुपर-जीमध्ये वॉन पडली, गुडघा जायबंदी झाला आणि तिचा मोसम तिथेच संपला. तरीही डाउनहिलचा ग्लोब वॉनलाच मिळाला. ३४० विरुद्ध ३३९, एका गुणानं. लेन्झरहाइडला शेवटची डाउनहिल हवामानामुळे रद्द झाली आणि टीनाला तो एक गुण मिळवायची संधीच आली नाही. स्लॅलममध्ये शेवटच्या शर्यतीआधी ती सात गुणांनी पुढे होती. नुकतीच अठरा वर्षांची झालेली अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन पहिल्या फेरीनंतर सेकंदाहून अधिक मागे होती, दुसऱ्या फेरीत ती सुसाट उतरली आणि जिंकली. टीना तिसरी. ग्लोब ३३ गुणांनी गेला. कॉम्बाइंडमध्येही टीनाच पहिली होती. दोन गुण इकडे आणि चौतीस गुण तिकडे झाले असते तर पाचही प्रकारांत आणि एकूण क्रमवारीत ती एकटीच पहिली राहिली असती. हा तपशील मला त्या मोठ्या आकड्याहून जास्त बोलका वाटतो.

किंमत

मागोनी २०१३ मध्ये निघून गेले. इथे या प्रकरणाची दुसरी बाजू सुरू होते.

राष्ट्रीय संघातला एक प्रशिक्षक गेला तर शेजारच्या गटातला त्याची जागा घेतो, सरावाची पद्धत बदलत नाही. चार-पाच जणांच्या संघातून एक गेला तर घराचा खांबच जातो. वाल्टर रोंकोनी आले, पण गणित जमलं नाही. २०१३-१४ च्या मोसमाच्या सुरुवातीला टीना ओळखू येत नव्हती. ऑलिंपिक तोंडावर असताना, जानेवारी २०१४ मध्ये, प्रशिक्षक पुन्हा बदलला आणि स्वित्झर्लंडचे माउरो पिनी आले. असा धोका मोठी संघटना सहसा पत्करत नाही. समित्या बसतात, मोसम संपेपर्यंत थांबू म्हणतात. छोट्या संघानं तो पत्करला. त्याच महिन्यात कोर्तिनाला डाउनहिलचा विजय आला.

१२ फेब्रुवारी २०१४, सोचीची डाउनहिल. स्वित्झर्लंडची डोमिनिक गिसिन आठव्या क्रमांकावर उतरली, वेळ १:४१.५७. टीना एकविसावी उतरली, वेळ १:४१.५७. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात एका शतांश सेकंदात खेळाडू सुमारे २८ सेंटिमीटर पुढे जातो. अडीच किलोमीटरहून लांब उतारावर दोघींत तेवढाही फरक निघाला नाही. दोघींना सुवर्ण मिळालं. ऑलिंपिकच्या अल्पाइन शर्यतीत असं प्रथमच घडत होतं. पदकमंचावर दोघी हातात हात घालून चढल्या. स्वतंत्र स्लोव्हेनियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण. सहा दिवसांनी ओल्या, जड बर्फावर तिनं जायंट स्लॅलमही जिंकली, ऑस्ट्रियाच्या आना फेनिंगरला ०.०७ सेकंदानं मागे टाकून. चार वर्षांपूर्वी याच प्रकारात चार शतांशांनी हुकलेलं सुवर्ण आता सात शतांशांनी मिळालं.

पुढच्या मोसमाला पुन्हा नवा प्रशिक्षक, व्हालेरिओ गिरार्दी. लेव्हीची स्लॅलम, लेक लुईजची डाउनहिल, आरेची जायंट स्लॅलम असे विजय आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये बीव्हर क्रीकला डाउनहिल आणि कॉम्बाइंडची दोन सुवर्णं आणि सुपर-जीचं रौप्य मिळालं. सुपर-जी फेनिंगरनं ०.०३ सेकंदानं घेतली, डाउनहिल टीनानं तिच्यावर ०.०२ नं. जागतिक स्पर्धांतली तिची पदकं नऊ झाली: चार सुवर्ण, पाच रौप्य.

मोसमाची शेवटची शर्यत मेरिबेलची जायंट स्लॅलम होती. टीना एकूण क्रमवारीत १८ गुणांनी पुढे होती. फेनिंगर जिंकली, टीना तिसरी आली, आणि विश्वचषक २२ गुणांनी हातचा गेला: १५५३ विरुद्ध १५३१.

त्यानंतर तिनं एक वर्षाची विश्रांती घेतली. पाच प्रकार खेळणाऱ्याला मोसमात सुट्टी अशी मिळतच नाही. एका प्रकाराचे खेळाडू घरी जातात तेव्हा हिचा दुसरा प्रकार सुरू झालेला असतो. त्यात संघातली प्रत्येक नोकरी, प्रायोजकांचा प्रत्येक करार तिच्या गुडघ्यांवर उभा. सरावाच्या वाईट दिवशी नजर दुसरीकडे वळवायला सोबतीण नाही. ज्या व्यवस्थेनं तिला सगळं दिलं तिनंच तिला कुठे लपायला जागा ठेवली नाही, असं मला वाटतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली आणि ७ जानेवारी २०१७ ला मारिबोरला आपल्या प्रेक्षकांसमोर शेवटची उतरली. वय तेहेतीस. विश्वचषकातले विजय २६, पहिल्या तिघींत ८१ वेळा.

मागे काय उरलं

टीका करणारे म्हणतात की या संघानं स्लोव्हेनियात काही रुजवलं नाही. तिच्याबरोबर रोज सराव करून शिकेल अशी कुणी तरुण मुलगी त्यात नव्हती. हा आक्षेप मला रास्त वाटतो. राष्ट्रीय संघात मोठा खेळाडू असतो तेव्हा लहानांना त्याचं तंत्र नुसतं पाहूनही मिळतं, तसं इथे घडलं नाही. पण टीना संघात राहिली असती तर शिकवण्यासारखं एवढं तिच्याकडे जमलं असतं का, हेही विचारायला हवं. २००८ पर्यंतचा आलेख पाहता मला शंका आहे.

शिवाय ज्ञान थांबलं नाही, ते सीमा ओलांडून गेलं. लिव्हिओ मागोनी २०१६ मध्ये स्लोव्हाकियाच्या पेत्रा व्ल्होवाकडे गेले. तिथेही लहान देश, एक खेळाडू, तिच्याभोवती खासगी संघ. २०२१ मध्ये व्ल्होवानं एकूण विश्वचषक जिंकला. मग दोघांचं फाटलं आणि मागोनींच्या जागी आले माउरो पिनी, सोचीत टीनाबरोबर असलेले. २०२२ मध्ये बीजिंगला व्ल्होवानं स्लॅलमचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. टीनाच्या संघातले दोन प्रशिक्षक, त्याच क्रमानं, दुसऱ्या लहान देशाच्या एकट्या खेळाडूमागे उभे होते.

आणि स्लोव्हेनियात? मारिबोरच्या इल्का श्तुहेत्सनं २०१७ आणि २०१९ मध्ये डाउनहिलचं जागतिक अजिंक्यपद सलग दोनदा घेतलं. तिच्या स्की तयार करायला, तिची व्यवस्था पाहायला बरोबर असायची ती तिची आई.